निवासी संस्थेतील काळजी-कार्यक्रमांचे पर्यवेक्षण कसे करावे

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्ती ज्या संस्थेत रात्रंदिवस राहतात, तेथे कार्यक्रम-पर्यवेक्षक म्हणून नव्याने रुजू होणाऱ्याच्या नियुक्तिपत्रात बहुधा ‘सर्व कार्यक्रमांवर देखरेख ठेवणे’ एवढाच उल्लेख असतो. कपाटात प्रत्येक निवाशाची फाईल असते, तपासणीला येणारे अधिकारी ती फाईलच मागतात आणि मग फायली पूर्ण ठेवणे म्हणजेच पर्यवेक्षण, असा समज हळूहळू रुजतो. प्रत्यक्षात हे काम वेगळे आहे. फायलीत लिहिलेला कार्यक्रम आणि निवाशाच्या वाट्याला आलेला दिवस यांच्यात जे अंतर पडते, ते रोज शोधणे आणि कमी करत जाणे, हे पर्यवेक्षकाचे काम आहे. इंदूरमधील मराठी कुटुंबांतील अनेक प्रौढ आता अशा संस्थांत राहतात. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या नव्या पर्यवेक्षकांना उपयोगी पडेल, अशा बेताने पुढील मांडणी केली आहे.

रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एकही फाईल बदलू नये. त्याऐवजी एक निवासी निवडून सकाळी तो उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याच्या आसपास राहावे आणि दर पंधरा मिनिटांनी तो काय करत होता, त्याच्याशी कोण बोलले, हे लिहावे. यासाठी सर्वांत त्रासदायक समजला जाणारा निवासी निवडण्याचा मोह होतो, पण निवड करावी ती सर्वांत शांत निवाशाची. जो ओरडतो त्याच्याकडे निदान कोणीतरी धावत जाते, तर जो भिंतीला टेकून बसून राहतो त्याला आंघोळ, जेवण आणि औषध या तीन प्रसंगांखेरीज दिवसभर कोणाचा स्पर्श होत नाही, हे अशा नोंदीतून स्पष्ट दिसते. ही नोंद कर्मचाऱ्यांच्या चुका शोधण्यासाठी नाही, हे त्यांना आधीच मोकळेपणाने सांगावे. नाहीतर त्या एका दिवसापुरते सारे काही बदललेले दिसेल आणि नोंदीचा उपयोग उरणार नाही.

यानंतर मूल्यमापनाकडे वळावे. भारतात प्रचलित असलेल्या साधनांपैकी मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिममध्ये १८ क्षेत्रांत प्रत्येकी २० याप्रमाणे ३६० कौशल्ये दिलेली आहेत. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली कार्यात्मक मूल्यमापन सूची शाळकरी वयासाठी अधिक वापरली जाते. कोणतेही साधन वापरले, तरी ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या विशेष शिक्षकाने किंवा मानसशास्त्रज्ञाने भरावे, आणि भरताना निवाशाची रोजची काळजी घेणाऱ्या मावशी किंवा दादा शेजारी असावेत. चाचणीच्या खोलीत जो निवासी शर्टचे बटण लावून दाखवतो, तोच सकाळच्या घाईत उभा राहून दुसऱ्याकडून कपडे चढवून घेत असेल, तर ते कौशल्य त्याच्याजवळ असूनही दिवसात नाही. ही तफावत केवळ मावशींना ठाऊक असते.

उद्दिष्ट लिहिण्याची पद्धत हा पर्यवेक्षणातला कळीचा भाग आहे, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. ‘स्वावलंबन वाढवणे’, ‘सामाजिकीकरण करणे’, ‘भोजन-कौशल्यात सुधारणा’ अशी वाक्ये वर्षानुवर्षे त्याच फायलीत पुढे सरकत राहतात, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. उद्दिष्ट असे लिहावे की रात्रपाळीला आलेल्या अपरिचित माणसालाही ते वाचून काय करायचे ते कळेल. उदाहरणार्थ : ‘रात्रीच्या जेवणात वरणभाताचे पहिले दहा घास जाड दांड्याच्या चमच्याने स्वतः घेईल, मदतनिसाने कोपराखाली फक्त बोटांचा आधार द्यावा, आठवड्यातील पाच दिवसांपैकी चार दिवस जमल्यास आधार काढून फक्त खूण करावी.’ या वाक्यात वेळ आहे, पदार्थ आहे, मदतीची पातळी आहे आणि पुढच्या पायरीची अटही आहे. मदतीच्या पातळ्यांसाठी संपूर्ण आधार, अर्धा आधार, खूण, शब्द आणि स्वतः अशी पाच अक्षरचिन्हे ठरवून घेतली, तर नोंदीला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही. एका निवाशासाठी एका वेळी तीनपेक्षा अधिक उद्दिष्टे घेऊ नयेत. बारा उद्दिष्टांची यादी तपासणीला भारदस्त दिसते, मात्र ती शिकवायला दिवसात जागा नसते.

अवघड कौशल्य पायऱ्यांत मोडून शिकवताना शेवटच्या पायरीपासून सुरुवात करणे पुष्कळदा सोयीचे ठरते. पँट चढवताना मदतनीस ती गुडघ्यांच्या वर आणून देतो आणि कमरेपर्यंत ओढण्याचे शेवटचे काम निवाशाकडे ठेवतो. काम पूर्ण झाल्याचे समाधान निवाशालाच मिळते. काही दिवसांनी मदतनीस गुडघ्यांखालीच थांबतो. पर्यवेक्षकाने येथे पाहायचे ते इतकेच की घाईच्या वेळी मदतनीस पुन्हा सगळे स्वतः करून टाकत नाही ना. तसे होत असेल, तर दोष माणसाचा मानण्याआधी वेळापत्रक पाहावे. सकाळी सात ते आठ या एका तासात सर्वांची आंघोळ, कपडे आणि नाश्ता उरकायचा असेल, तर कोणीही कोणाला बटण लावू देणार नाही. आंघोळी दोन वेळांत विभागल्या आणि काही निवाशांची संध्याकाळी घेतली, की तोच मदतनीस शिकवू लागतो. उन्हाळ्यात तर संध्याकाळची आंघोळ सर्वांना हवीहवीशी असते.

कार्यक्रमातील कामे वयाला शोभणारी असावीत. चाळिशीच्या माणसाला प्लास्टिकच्या रंगीत कड्या ओवायला देणे आणि ‘बाळ’ म्हणून हाक मारणे, या दोन्ही गोष्टी पर्यवेक्षकाने प्रेमाने पण ठामपणे थांबवाव्यात. नावापुढे दादा, ताई, काका लावून हाक मारण्याची रीत आपल्याकडे आहेच, ती इथेही पाळावी. इंदूरमध्ये कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक कचरा आणि सॅनिटरी कचरा असे वेगवेगळे कप्पे असतात आणि शहरातील प्रत्येक घर रोज हे वर्गीकरण करते. संस्थेतील वर्गीकरणाचे काम म्हणूनच अनेक निवाशांसाठी उत्तम कार्यक्रम ठरू शकते. त्यात रंग आणि वस्तू ओळखणे आहे, ठरलेली वेळ आहे, गाडीवाल्याशी दोन शब्द बोलणे आहे आणि शहरातल्या प्रत्येक माणसासारखेच आपणही हे करतो, ही भावना आहे. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून सॅनिटरी कप्प्यातच जातील, हे मात्र कर्मचाऱ्यांनी पाहावे. ते काम निवाशांकडे देऊ नये. आणखी एक सीमा स्पष्ट हवी. जे निवासी अधिक सक्षम आहेत त्यांच्याकडून संस्थेची झाडलोट, इतरांची शुश्रूषा आणि स्वयंपाकघरातील कष्टाची कामे फुकट करून घेणे, याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. पणत्या, राख्या किंवा कागदी पिशव्या विकून पैसे आले, तर ज्याने काम केले त्याच्या खात्यात त्याचा वाटा जमा झाला पाहिजे.

जेवणाच्या वेळी पर्यवेक्षकाने स्वतः पंगतीत उपस्थित राहावे, असा माझा आग्रह आहे, कारण सर्वांत गंभीर आणि टाळता येण्याजोगे अपघात तेथेच होतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांना गिळण्याचा त्रास असतो आणि अन्न श्वासनलिकेत गेल्याने वारंवार न्यूमोनिया होतो. पाठ सरळ, पावले टेकलेली आणि हनुवटी किंचित खाली, अशी बैठक हवी. मान मागे टाकून वरून घास सोडण्याची सवय घातक आहे. घास लहान असावा, मागचा गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. खाताना खोकला येणे, जेवल्यावर आवाज ओलसर घरघरता होणे, डोळ्यांत पाणी येणे, वजन घटणे, या खुणा दिसल्या की वाचा-भाषा तज्ज्ञाकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

आपल्या पानातले काही लाडके पदार्थ या दृष्टीने तपासून पाहायला हवेत. इंदुरी पोह्यांत मऊ पोहे, कुरकुरीत शेव, डाळिंबाचे दाणे आणि कच्चा कांदा एकत्र असतात, आणि गिळण्याचा त्रास असलेल्याला असे मिश्र पोताचे अन्न विशेष अवघड जाते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी चिकट असते आणि तिच्यात शेंगदाण्यांचे तुकडे असतात. अशा निवाशांना सणासुदीच्या आनंदातून वगळू नये. त्यांच्यासाठी शेव न घालता चांगले भिजवून मऊ केलेले पोहे किंवा कूट बारीक करून केलेली पातळ साबुदाण्याची लापशी वेगळी काढावी. कोणाला कोणत्या पोताचे अन्न चालते याचा तक्ता स्वयंपाकघरात आणि वाढणाऱ्याच्या नजरेसमोर, अशा दोन्ही ठिकाणी असावा. देणगीदार वाढदिवसाला केक, जिलबी किंवा कचोरी घेऊन येतात, तेव्हाही तोच तक्ता लागू राहतो, हे त्यांना नम्रपणे सांगण्याची जबाबदारी पर्यवेक्षकाची आहे.

अशा संस्थेत अपस्मार असलेले निवासी जवळजवळ नेहमीच असतात. औषध द्यायच्या वेळी नाव, गोळी, मात्रा आणि वेळ मोठ्याने वाचावी, निवाशाने गोळी गिळल्याचे पाहावे आणि मगच सही करावी. सकाळी एकदम बसून दिवसभराच्या सह्या करण्याची पद्धत आढळली, तर ती त्याच दिवशी बंद करावी. फिटच्या गोळीचा एखादा डोस चुकणे हे झटका येण्याचे नेहमीचे कारण आहे, म्हणून साठा संपण्याच्या किमान दहा दिवस आधी मागणी गेली पाहिजे आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये. फेनिटॉइन हे फिटचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या अनेकांच्या हिरड्या सुजतात, म्हणून त्यांच्या दातांची निगा अधिक काटेकोरपणे ठेवावी लागते. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या फिटच्याच औषधांनी काहींना घाम कमी येतो. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा अशा निवाशांना दुपारी बाहेर नेऊ नये आणि त्यांच्या पाण्याची स्वतंत्र नोंद ठेवावी.

झटका आल्यावर काय करायचे, याचा सराव प्रत्येक कर्मचाऱ्याकडून, चौकीदार आणि स्वयंपाकीण यांच्यासह, वर्षातून निदान दोनदा करून घ्यावा. घड्याळ पाहावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, झटका ओसरताच कुशीवर वळवावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल नाकाला लावू नये, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फवारा कुलूपबंद कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या नर्सच्या पर्समध्ये, अशी स्थिती कधीही असू नये.

वार्षिक आरोग्य तपासणीत सर्वांसाठी एकच छापील तक्ता पुरत नाही. डाउन सिंड्रोम (गुणसूत्रातील जन्मजात फरक) असलेल्यांमध्ये थायरॉइडची कमतरता, ऐकू कमी येणे, हृदयाचे दोष आणि चाळिशीनंतर लवकर येणारा स्मृतिभ्रंश अधिक आढळतो. पूर्वी स्वतः आंघोळ करणारी पंचेचाळिशीची बाई अचानक न्हाणीघराचा रस्ता विसरू लागली, तर तिला आळशी ठरवण्याआधी थायरॉइडची रक्ततपासणी आणि श्रवणतपासणी करून घ्यावी. मानेच्या मणक्यांच्या सैलपणाची शक्यता असल्याने त्यांना कोलांटउड्या घालायला लावू नयेत. बद्धकोष्ठतेची नोंद सर्वांसाठीच रोज ठेवावी. कमी हालचाल, कमी पाणी आणि काही औषधे यांमुळे ती सर्रास होते, आणि बोलता न येणारा माणूस पोटातले दुखणे चिडचिडीतूनच सांगतो.

यावरून वर्तनसमस्यांच्या विषयाकडे येता येते. एखादा तरुण स्वतःचा हात चावतो, डोके आपटतो किंवा शेजाऱ्याचे केस ओढतो, तेव्हा वहीत ‘कारण नसताना आक्रमक झाला’ असे लिहिले जाते. हे वाक्य पर्यवेक्षकाने कोणत्याही वहीत राहू देऊ नये. त्याऐवजी तीन रकाने आखून घ्यावेत : आधी काय घडले, त्याने नेमके काय केले, नंतर आसपासच्यांनी काय केले. दोन आठवड्यांच्या प्रामाणिक नोंदी एकत्र वाचल्या, की बहुतेक वेळा काहीतरी आकार दिसू लागतो. समजा, हात चावण्याचे प्रसंग दुपारी चार ते पाच या वेळेत दाटलेले आहेत, त्याआधी पाळी बदलते, चहाला उशीर होतो, आणि चावताच कोणीतरी त्याला चहा देऊन शांत करते. त्या तरुणाच्या दृष्टीने हात चावणे ही चहा मागण्याची एकमेव चालणारी रीत आहे. उपाय दोन टोकांना करायचा असतो : चहाची वेळ पाळी बदलण्याआधी आणायची आणि कपाचे चित्र असलेले कार्ड हातात देऊन चहा मागण्याची दुसरी रीत शिकवायची. कार्ड दाखवताच चहा मिळालाच पाहिजे. सुरुवातीच्या दिवसांत तर दर वेळी. काही वर्तने एखादे काम टाळण्यासाठी, काही लक्ष वेधण्यासाठी, तर काही केवळ शरीराला बरे वाटते म्हणून होतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. मात्र या सर्वांआधी दुखणे आहे का, हे पाहणे बंधनकारक मानावे : दाढ, कान, पोट, मूत्रमार्ग आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी.

बांधून ठेवणे, खोलीत कोंडणे, जेवण रोखणे, तिखट लावण्याची धमकी देणे, हे सारे क्रौर्य आहे आणि २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यानुसार दंडनीय ठरू शकते. गुंगीची औषधे केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून देणे, हेही त्याच जातीचे आहे. एखाद्या निवाशाची मात्रा वाढवण्याची मागणी संस्थेकडून डॉक्टरांकडे जात असेल, तर तिच्यासोबत तीन रकान्यांची वही जोडण्याचा नियमच करून टाकावा.

इंदूरचे काही प्रसंग वर्षाच्या आराखड्यात आधीपासून लिहून ठेवावेत. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरातून निघणारी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीला जुन्या कापड गिरण्यांच्या रात्रभर चालणाऱ्या झांक्या, म्हणजे फिरते देखावे, यांचा आवाज दूरवर पोहोचतो. स्वमग्नता असलेल्या काही निवाशांना तो असह्य होतो, तर काहींना झांक्या पाहायला जाणे हा वर्षातला मोठा आनंद असतो. कोण कोणत्या गटात आहे, हे त्यांच्या प्रतिक्रियांवरून ठरवावे आणि आठ दिवस आधीपासून चित्रांच्या साहाय्याने येणाऱ्या दिवसाची कल्पना द्यावी. जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी कान झाकण्याची सोय आणि आतल्या बाजूची शांत खोली असावी. जे जातील त्यांच्या गळ्यात संस्थेचा फोन क्रमांक असलेले ओळखपत्र असावे.

भाषेची अडचणही येथे विशेष आहे. रामबाग, लोकमान्यनगर किंवा सुदामानगर भागातल्या मराठी घरातून आलेला निवासी घरच्या शब्दांना ओळखतो, तर काळजी घेणारी माणसे अनेकदा हिंदी, माळवी किंवा निमाडी बोलणारी असतात. प्रत्येक निवाशासाठी एक पानी संवादपत्रक करावे आणि ते हिंदीत लिहावे, कारण ते कर्मचाऱ्यांनी वाचायचे आहे. त्यात निवासी तहान, शौच, दुखणे, भीती आणि नकार कसा दाखवतो, कोणते घरगुती शब्द त्याला कळतात आणि काय केल्याने तो शांत होतो, हे असावे. ही माहिती आईकडे असते. आई सत्तरीच्या पुढे असेल, तर हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

पावसाळ्यापूर्वी पाण्याच्या टाक्यांची सफाई, पिण्याच्या पाण्याची क्लोरीन चाचणी आणि शौचालयांजवळ साबण, या तीन गोष्टी पर्यवेक्षकाने स्वतः पाहाव्यात. जुलै २०२४ मध्ये इंदूरमधीलच दिव्यांग मुलांच्या एका निवासी संस्थेत उलट्या-जुलाबांच्या साथीत अनेक मुले दगावली. ज्यांना तहान सांगता येत नाही, त्यांच्या शरीरातले पाणी किती झपाट्याने कमी होते, हे त्यानंतर कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. एकाच दिवशी दोन निवाशांना जुलाब झाले, तर ओआरएस सुरू करून त्याच दिवशी जिल्हा आरोग्य विभागाला लेखी कळवावे. बातमी बाहेर जाईल, या भीतीने घालवलेला एक दिवसही जीवघेणा ठरतो.

रात्रीचे पर्यवेक्षण बहुतेक ठिकाणी दुबळे असते. स्वतःहून कुशी बदलता न येणाऱ्यांना दर दोन तासांनी वळवणे आवश्यक असते, आणि त्वचेवर दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर ती जखमेची पहिली पायरी असते. स्त्रियांच्या विभागात रात्री स्त्री कर्मचारीच असाव्यात. महिन्यातून निदान एकदा पूर्वसूचना न देता पहाटे पाचला आणि एकदा रविवारी रात्री नऊला फेरी मारावी. फेरीत पहिल्यांदा नजर जावी ती बिछाना कोरडा आहे का आणि माणूस उबदार आहे का याकडे, कारण डिसेंबर-जानेवारीत माळव्यातल्या रात्री चांगल्याच गार असतात.

लैंगिक शोषण, शारीरिक सन्मान आणि संमती या विषयांवर संस्थांमध्ये मौन पाळले जाते, आणि ते मौन निवाशांनाच महागात पडते. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात मोठा जनक्षोभ उसळला. पाळीची स्वच्छता जमत नाही, हे कारण तेव्हा दिले गेले होते आणि आजही पालक ते दबक्या आवाजात विचारतात. २०१६ च्या कायद्याप्रमाणे वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या शासकीय संस्थेतील एका बौद्धिक अक्षम तरुणीच्या प्रकरणात, तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. पॅड बदलण्याचे प्रशिक्षण पायऱ्यांत मोडून देता येते; बाहुलीवर, मग स्वतःच्या कपड्यांवर, मग प्रत्यक्ष पाळीत, असे काही महिन्यांत पुष्कळ जणींना जमते.

शोषणाचा संशय आला, तर संस्थेने अंतर्गत चौकशी करत बसू नये. पीडित १८ वर्षांखालील असेल, तर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. मानसिक वय लहान असले, तरी प्रौढ व्यक्तीला पॉक्सो लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. पण अशा प्रसंगी इतर फौजदारी तरतुदी लागू होतातच. दिव्यांग स्त्रीची लैंगिक गुन्ह्याची फिर्याद तिच्या राहत्या ठिकाणी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह नोंदवण्याची तरतूद आहे. पर्यवेक्षकाने ती पोलिसांपुढे आग्रहाने मांडावी. पुरावा जाऊ नये म्हणून पीडितेचे कपडे धुऊ नयेत, तिला आंघोळ घालू नये, आणि तिला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नये.

कर्मचाऱ्यांविषयी बोलल्याशिवाय हे सर्व अपुरे राहील. कमी पगारात, अनेकदा बारा तासांच्या पाळीत, दुसऱ्याचे मलमूत्र साफ करणाऱ्या माणसाकडून माया आणि नोंद या दोन्हींची अपेक्षा करताना पर्यवेक्षकाने त्याला काय दिले, हा प्रश्न आधी येतो. पाळी बदलताना पंधरा मिनिटे दोन्ही गट एकत्र बसतील, एवढी उसंत वेळापत्रकातच ठेवावी. नवी पद्धत भाषणाने शिकवू नये. पर्यवेक्षकाने स्वतः चमचा हातात घेऊन भरवून दाखवावे, मग मदतनिसाला करू द्यावे आणि शेजारी उभे राहावे. चूक चारचौघांत सांगू नये. निवाशाला उचलून नेण्याचे काम दोघांनी, गुडघे वाकवून करावे आणि त्यासाठी कंबरपट्टे व सरकफळी (बिछान्यावरून खुर्चीत सरकवण्याची फळी) विकत घ्यावी, कारण पाठ धरलेली मावशी चार महिन्यांत नोकरी सोडते आणि तिच्याबरोबर तिने ओळखलेल्या आठ माणसांच्या सवयीही जातात.

पालकांशी होणाऱ्या प्रत्येक बोलण्याच्या तळाशी ‘आमच्यामागे याचे काय?’ हा प्रश्न असतो. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात आणि हे दोघे इंदूरच्या जुन्या घरात, असे चित्र आता नेहमीचे आहे. आई-वडील हयात असले, तरी अपत्य १८ वर्षांचे झाल्यावर पालकत्वाची कायदेशीर व्यवस्था वेगळी करावी लागते, हे अनेकांना माहीत नसते. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. दिव्यांगता ओळखपत्र, बँक खाते आणि निरामयचे नूतनीकरण या तिन्हींच्या तारखा पर्यवेक्षकाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असाव्यात. संस्थेच्या स्वतःच्या नोंदणी प्रमाणपत्राची मुदतही तेथेच लिहावी.

तिमाही आढावा बैठक निवाशाला बाहेर ठेवून घेऊ नये. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासमोर त्याच्या दिवसाची छायाचित्रे ठेवली, तर आवडते आणि नावडते तो हाताने सरकवून दाखवू शकतो. बैठकीत प्रत्येक उद्दिष्टापुढे चालू ठेवणे, बदलणे किंवा सोडून देणे यांपैकी एक निर्णय आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव लिहावे. सलग दोन तिमाहींत प्रगती शून्य असेल, तर आधी शिकवण्याची पद्धत बदलावी, आणि तरीही फरक पडला नाही, तर ते उद्दिष्ट त्या माणसाला हवे तरी आहे का, हे तपासावे.

पर्यवेक्षक रजेवर जाताना किंवा नोकरी सोडताना पुढच्या व्यक्तीकडे लेखी सोपवण्याच्या गोष्टी मोजक्या आहेत : औषधांच्या कपाटाची दुसरी किल्ली, अन्नाच्या पोताचा तक्ता, सर्वांची संवादपत्रके, सुरू असलेल्या वर्तन-नोंदींच्या वह्या, मुदतींची दिनदर्शिका आणि सध्या विशेष लक्ष ठेवायच्या निवाशांची नावे कारणांसह. निदान एक पूर्ण दिवस दोघांनी एकत्र काढावा आणि त्यात एक जेवण व एक रात्रीची फेरी असावी.